डोळा आमचा, कान चाचांचा

आमच्या घरातल्या टीव्हीला आवाज नव्हता. म्हणजे दुकानातून आणला तेव्हा होता. पण अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पहिल्याच आठवड्यात आवाजाचं बटण डावीकडं पिळलं आणि त्यानंतर ते उजवीकडं फिरायचं फक्त आईच्या रविवारच्या सिनेमासाठी. बातम्या लागल्या की आवाज बंद, आणि खेळ लागला तर नक्कीच बंद. सामना असला की समोरच्या बोळातले बशीरचाचा आपलं सायकलचं दुकान अर्धं लोटून, ट्रान्झिस्टर तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून आमच्याकडं यायचे. तो टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचे, त्याची एरियल खिडकीच्या गजाला टेकवायचे आणि खरखर निवळेपर्यंत कान लावून उभे राहायचे. मग चित्र टीव्हीचं आणि बोलणं रेडिओचं, असा आमचा सामना सुरू व्हायचा. "डोळा तुमचा, कान माझा," चाचा म्हणायचे, "और नाक जिसका वो सँभालो." कारण आम्ही बसायचो ती आमच्या छापखान्याची खोली होती, आणि तिथं शाई, रॉकेल आणि स्वयंपाकघरातल्या लसणाचा वास एकत्र नांदायचे.

ही पद्धत गमतीची वाटेल, पण अण्णांच्या दृष्टीनं ती तत्त्वाची बाब होती. त्यांना मिसरूड फुटत होतं तेव्हा आमचा मुलूख निजामाचा होता, आणि चौकातल्या एका दुकानात रेडिओ होता. त्यातला माणूस रोज संध्याकाळी सांगायचा की राज्यात सगळं ठीक आहे, प्रजा सुखी आहे, फौजा खंबीर आहेत. अण्णा तेव्हा सदऱ्याच्या आत पत्रकं लपवून गावोगाव पोचवत होते, त्यामुळं प्रजा किती सुखी आहे हे त्यांना रोज दिसत होतं. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली. अण्णा सांगायचे, भारताच्या फौजा आल्या याचा धक्का बसला नाही. धक्का बसला तो याचा, की त्याच रेडिओवर तोच गळा, त्याच गोड सुरात, आदल्या आठवड्याच्या बरोबर उलटं बोलायला लागला. "ना खाकरला, ना अडखळला," अण्णा म्हणायचे. "तेव्हापासून ठरवलं. कुणी बोलायला लागला की आधी विचारायचं, बोलणारा कोणाचा माणूस?"

चाचा त्यांना छेडायचे. "फिर मेरे रेडिओपे कायकू भरोसा, अण्णा?"

"भरोसा नाहीच. म्हणून तर दोघांना एकत्र बसवलंय. दोन मालकांची माणसं एकच खोटं बोलत नाहीत."

"मालिक तो दोनों का एकच. सरकार."

अण्णांनी यावर बराच विचार केला होता. "मालक एक असेल," ते म्हणायचे, "पण खाती दोन. आणि सरकारची दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

मी या घरात वाढले. पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी मी ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर पाहिली, म्हणजे उलटी. वाचायला शिकले ती पत्रकांवर. नळाला पाणी का नाही, शिक्षकांचे पगार कुठं अडले, कापूस विकायला गेलेल्या माणसाला वजनात कसं लुटलं, अमुक साहेबाची बदली का झाली आणि तमुक साहेबाची का झाली नाही. चुकलेल्या पत्रकांत माझी डब्यातली भाकरी बांधलेली असायची, आणि इतर मुली मधल्या सुट्टीत गोष्टी सांगायच्या तेव्हा मी त्यांना तेलाच्या डागातून निषेध वाचून दाखवायचे. अण्णांचे पत्रकाचे नियम मला पाढ्यांआधी पाठ झाले. खाली नाव घालायची हिंमत नसेल तर वर मजकूर घालू नये. पाहिलं असेल तर पाहिलं लिहावं, ऐकलं असेल तर ऐकलं लिहावं, आणि दुसऱ्यानं सांगितलं असेल तर कुणी सांगितलं ते लिहावं. कॉलेजात जाईपर्यंत मी स्वतः पत्रकं लिहायला लागले होते, आणि माझं पत्रक अण्णांपेक्षा जहाल असायचं. अण्णा खिळे जुळवता जुळवता त्यातली विशेषणं गाळायचे आणि मी भांडायचे.

टीव्हीवरच्या बोलणाऱ्यांबद्दल आमची तक्रार साधी होती. आम्हाला जे दिसतंय ते त्यांनी सांगायची गरज नव्हती, आणि जे दिसत नाही ते सांगायला ते बसले होते, तर तेच ते सांगत नव्हते. गडी बाद झाला तो का, याऐवजी आजच्या सोहळ्याला कोण कोण मान्यवर आले आहेत, हे. ऐन रंगात आलेल्या सामन्यात कॅमेरा पाहुण्यांच्या शालीवर जायचा आणि परत यायचा तोवर मैदानात काहीतरी घडून गेलेलं असायचं, आणि बोलणारा म्हणायचा, "आणि अशा प्रकारे". अण्णा त्या दोन शब्दांवर फार चिडायचे. आवाज बंद असतानाही ओठांवरून ते त्यांना ओळखू यायचे. "बघ, अशा प्रकारे म्हणाला," ते म्हणायचे. "कशा प्रकारे, ते सांग की लेका."

आज माझ्या नातवाच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आहे. सामना चालू असताना चित्र आक्रसतं आणि बाजूनं जाहिरात आत सरकते. बोलणारे चौघं असतात, चौघं जुने खेळाडू, चौघं एकमेकांच्या विनोदांना हसतात, आणि ज्यांचा सामना आहे त्यांच्याच पगारावर असतात. हे मी म्हटलं की नातू म्हणतो, आजी, तुला सगळ्यांचाच संशय येतो. येतो. कपाळावर मालकाचं नाव गोंदून बोलायला बसा, मग नाही येणार.

पण मला सांगायचं आहे ते संपतमामाबद्दल. आईचा हा सगळ्यात धाकटा भाऊ. सिल्लोडच्या पुढं आईचं माहेर. तिथून तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला लागला आणि आमच्याकडं राहायला आला. माझ्यापेक्षा थोडाच मोठा. दिवसा यंत्रावर आणि संध्याकाळी गारखेड्याच्या मैदानावर, कबड्डीच्या मंडळात. चढाईला त्याच्यासारखा गडी आमच्या भागात नव्हता. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं समोरच्या अंगणात जाऊन परत येईपर्यंत एकाच श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं असतं; तो दम मधे तुटला की गडी बाद, मग त्यानं चार जणांना का शिवलेलं असेना. मामाचा दम ही आमच्या घरातली ऐकायची गोष्ट होती. सकाळी अण्णा ट्रेडल मशीन पायानं चालवायचे, कागद आत, कागद बाहेर, आणि मामा त्या ठेक्यावर दम घुमवत खोलीभर वाकून फिरायचा. इतर पोरं कबड्डी शब्द ओरडतात. त्याचा आवाज खालच्या पट्टीत, जात्याच्या घरघरीसारखा, एका सुरात यायचा. तो सूर सुरू झाला की स्वयंपाकघरातली आई हातातलं काम थांबवायची. भाकरी थापत असली तर तळवा परातीतच. मामानं श्वास घेतला की पुन्हा थापायला सुरुवात. त्यामागं कारण होतं. तान्हेपणी मामा रडता रडता दम धरायचा आणि निळा पडायचा, आणि आजी शेतात असल्यामुळं त्याच्या तोंडावर फुंकर घालून श्वास परत आणायचं काम तेव्हा परकरात असलेल्या आईकडं होतं. ती सवय तिची गेली नाही.

त्या वर्षी गारखेड्याचं मंडळ एका मोठ्या खुल्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेलं. समोर एका बड्या खात्याचा संघ. त्या खात्याची एक रीत सगळ्या राज्याला माहीत होती. चांगला गडी दिसला की त्याला पक्की नोकरी द्यायची आणि आपल्या संघात ओढायचा. अंतिम सामना पुण्यात होता, आणि टीव्हीवर आणि रेडिओवर दोन्हीकडं थेट येणार होता. गल्लीत असं कधी झालं नव्हतं की आपल्यात राहणारा माणूस त्या काचेत दिसेल. आईनं सकाळीच चुरमुऱ्यांची सुशीला केली, मोठं पातेलं भरून. चाचांनी ट्रान्झिस्टरला नवे सेल घातले. ट्रेडल बंद करून त्यावर सतरंजी टाकली, आणि मी खिळ्यांच्या खणावर बसले. आई मात्र बसेना. "मला नाय बघवत," म्हणाली, आणि आत जाऊन खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायला लागली. तिच्या स्वयंपाकघराला लागून शेजारच्या जाधव मास्तरांची बैठक. मास्तर कानानं अधू होते, त्यामुळं त्यांचा टीव्ही भिंत हलवेल इतका मोठा असायचा. आम्ही मधलं दार लावून घेतलं, म्हणजे तो आवाज आमच्या रेडिओत मिसळायला नको.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईला मामा आला तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. तो रेषा ओलांडून आत गेला, वाकला, डावीकडं हूल दिली आणि उजव्या हातानं एकाला आणि पायानं दुसऱ्याला शिवला. आणि परत वळताना कोपऱ्याच्या गड्यानं त्याचा घोटा पकडला. मामा तोंडावर आपटला. अंगावर दोघं तिघं पडले. तो त्यांना घेऊन सरपटत आला, बोटं पुढं करत, आणि ती बोटं मध्यरेषेच्या अलीकडं पडलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली. रेडिओवरचा माणूस म्हणाला, "पोचला, संपत पोचला, दोन गडी घेऊन पोचला," आणि चाचा उभे राहिले, आणि तेवढ्यात चित्रात पंचाचा हात मामाकडं रोखलेला दिसला. दम तुटला. चढाई बाद. रेडिओवाला म्हणाला की हा निर्णय अनपेक्षित आहे. अण्णांनी दोन्ही यंत्रं बंद केली. सुशीला कुणी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले तर रांगेतलं बोलणं थांबलं. किराणा दुकानात तेच. मला वाटलं, हरल्याचं दुःख आहे. मग मागून कुणीतरी हळू म्हणालं, "दम तुटत नसतोय, सोडला जातोय." दुसरा म्हणाला, "पक्की नोकरी लागली की दम काय, गाव बी सोडत्यात." मी वळले तर सगळे दुधाच्या कॅनकडं बघत होते.

घरी येऊन जाधव मास्तरांना विचारलं. मास्तरांना बिचाऱ्यांना वाटलं, आम्हाला सगळं माहीत आहे. टीव्हीवरचा बोलणारा सामना चालू असताना सांगत होता म्हणे, की संपत हा गुणी खेळाडू लवकरच समोरच्या संघात दिसेल अशी जोरदार चर्चा आहे. दोनदा सांगितलं. मध्यंतरात मामा त्या खात्याच्या प्रशिक्षकाशी हसून बोलताना दाखवला आणि तेव्हा म्हणाला, "मैत्री तर दिसतेच आहे." आणि शेवटच्या चढाईत, मामा आपटला तसा, हा ओरडला, "दम गेला, दम गेला."

"शिट्टीच्या आधी का नंतर?" मी विचारलं.

"आधी गं. शिट्टी नंतर वाजली. माणूस जाणकार आहे, त्याला आधीच कळलं."

सगळ्या शहरानं हे ऐकलं होतं. न ऐकलेलं एकच घर होतं, आणि ते मामाचं होतं.

मामा परत आलाच नाही. पुण्याहून थेट गावाकडं गेला, असं मंडळाच्या एका पोरानं सांगितलं. त्यानंच हेही सांगितलं की रविवारी मंडळाची बैठक आहे, आणि तीत संपतचं नाव कमी करायचं घाटतंय. त्या मंडळाशिवाय मामा म्हणजे कारखान्यातला एक हंगामी कामगार होता, बाकी काही नाही. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'दम कोणी तोडला?' त्यात मी त्या बोलणाऱ्याला सोडलं नाही. तो कोणाच्या पंगतीला बसतो, त्या खात्याशी त्याचं काय नातं आहे, शिट्टीच्या आधी त्याला निर्णय कसा कळला, आणि त्याचं ऐकूनच पंचानं शिट्टी फुंकली का, असे सवाल मी एकाखाली एक लावले. बड्यांच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक आवाज विकत घेतलेला असतो, असं एक वाक्य होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. अण्णांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच एकही विशेषण गाळलं नाही. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी, धरून ते खिळे जुळवायला बसले. चाचा स्टुलावर बसून ऐकत होते.

"पंच के पास टीव्ही था क्या, बेटा?" त्यांनी विचारलं.

"नव्हता. का?"

"नहीं, तू लिखी ना, टीव्हीवाला बोला इसलिए पंच बोला. मैं सोचा, पूछ लूं."

मी त्यांच्याकडं रागानं बघितलं. पण तेवढ्यात अण्णांचा हात थांबला होता. ते माझ्या कागदावर वाकले. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, की संपतचा दम शेवटपर्यंत अखंड होता, हे आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

"शैला," अण्णा म्हणाले, "आपण ऐकलं?"

आम्ही त्याची बोटं पाहिली होती. दोन गडी शिवलेले पाहिले होते. तोंड मातीत असल्यामुळं ओठसुद्धा दिसले नव्हते. आणि ज्या एका गोष्टीवर सगळा निवाडा होता, ती त्या बटणामागं होती, जे आम्ही तत्त्वानं डावीकडं पिळून ठेवलं होतं. रेडिओवाला तर त्या वेळी स्वतःच ओरडत होता. अण्णांनी हातातली स्टिक खाली ठेवली. मग त्यांनी जुळवलेला मजकूर जसा होता तसा लोखंडी चौकटीत सोडून दिला आणि म्हणाले, "ऐकलेला माणूस शोध. एक तरी सापडेल."

मी गल्लीभर फिरले. ज्यांच्या ज्यांच्या टीव्हीला आवाज होता, त्या सगळ्यांना विचारलं. पानवाला म्हणाला, हो, दम गेला, मी ऐकलं. कोणाच्या तोंडून ऐकलं? टीव्हीतल्या त्या माणसाच्या. आणि संपतच्या तोंडून काय ऐकलं? पानवाल्यानं चुन्याची काडी हवेत धरली आणि विचार केला. "त्याचं नाय बा ऐकू आलं. ह्यो बोलत व्हता की." जाधव मास्तर तेच म्हणाले. शिंपी तेच म्हणाला, त्याची बायको तेच म्हणाली, आणि वर म्हणाली, पण तो म्हणतोय म्हणजे काहीतरी असंलच ना. सगळ्या शहरानं दम तुटल्याचं ऐकलं होतं, आणि दम एकानंही ऐकला नव्हता. मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "मतलब पूरे मैदान में एकीच का दम नहीं टूटा. वो बोलनेवाले का." आम्हाला हसू आलं, आणि मग आलं नाही.

शनिवारी भर दुपारी मामा आला. गावाहून एसटीनं आलेला, पायात चप्पल, घोट्याला हळदीचा लेप. छापखान्याच्या दारातच उभा राहिला. अण्णा उठले, चाचा उठले. आईनं आतून पाण्याचा तांब्या आणला आणि त्यानं तो एका घोटात संपवला.

"दाजी," तो अण्णांना म्हणाला, "सगळ्यांनी बघितलं आसंल ना तुमी इथं?"

"बघितलं."

"ऐकलं का?"

मामानं टीव्हीकडं बघितलं, त्याच्या डोक्यावरच्या ट्रान्झिस्टरकडं बघितलं, आणि त्याला आठवलं. चेहऱ्यावरून मला दिसलं, त्याला आठवलं. येताना वाटेत त्यानं सगळ्याचा विचार केला असणार, फक्त याचा नाही. तो ट्रेडलच्या फळीवर बसला.

"तू स्वतः सांग ना मामा," मी म्हणाले. "तुला तर माहीत असेल. तुझाच दम."

"तेच तर," तो म्हणाला. "मला ठावं नाय. आपटलो तवा डोक्यात नुस्तं घुं घुं. आवाज निघत व्हता का थांबला व्हता, मला नाय सांगता येत. पंच म्हणतो थांबला. टीव्हीवाला म्हणला म्हणं, सोडला. गावात म्हणत्यात, इकला. म्हटलं दाजीच्या घरी जावं, तिथं माणसं नीट बघत्यात, नीट ऐकत्यात. ती सांगतील त्ये खरं. उद्या बैठकीत उभं राहून काय सांगू, तेवढं मला सांगा."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आलं ते वेगळंच. माझ्या मनात आलं की माणसाला स्वतःचा दम कळत नाही, हे कसं शक्य आहे. मध्यंतरात तो त्या प्रशिक्षकाशी काय बोलत होता. आणि मी अण्णांकडं बघितलं, आणि अण्णा मामाकडं ज्या नजरेनं बघत होते ती नजर मला चांगली माहीत होती. ती नेहमी टीव्हीसाठी असायची. आयुष्यभर त्या नजरेचा मला अभिमान होता. त्या दुपारी ती आमच्याच माणसावर वळलेली पाहिली आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. मामानंही ती पाहिली. त्यानं मान खाली घातली आणि घोट्यावरची सुकलेली हळद नखानं खरवडायला लागला.

"मी ऐकला," आई म्हणाली.

ती दारात रिकामा तांब्या घेऊन उभी होती. आम्ही सगळे तिच्याकडं वळलो.

"भितीपल्याडून," ती म्हणाली. "मास्तरांच्या टीवीतून. गेल्यापासून येईस्तोर ऐकला. तुटला नाय."

"अक्का, तो माणूस बोलत व्हता म्हणं त्या टायमाला. कुणालाच कायी ऐकू आलं नाय."

"बोलत व्हता की. लई बोलत व्हता मेला. त्याच्या खालून तुझा येत व्हता. बारीक व्हता, पण व्हता." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, मीठ संपलंय सांगताना बोलायची तशी. "तुझा दम कवा जातोय अन् कवा ऱ्हातोय, त्ये मला कुणी सांगाया पायजे व्हय रं? तू आपाटला, तवा खाली गेला सूर. मी म्हणलं, गेला. पण न्हाई. परत वर आला. मग शिट्टी वाजली."

मी त्या दिवसाबद्दल पुष्कळ विचार केला आहे. मला एवढं आठवतं की शेवटच्या चढाईच्या वेळी मधल्या दारामागचा खलबत्त्याचा आवाज थांबला होता. पण तो मामा आत गेला तेव्हा थांबला, की शिट्टीनंतर गल्लीत झालेल्या आरडाओरड्यानं थांबला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पुढं एकदा जाधव मास्तरांकडं सामना लागला असताना मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कान लावला होता. बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द येत होता. त्याच्या खालून काही येतं का, ते मी खूप वेळ ऐकत राहिले. कधी वाटायचं येतंय, कधी वाटायचं मलाच हवंय म्हणून येतंय. रविवारच्या बैठकीत मामा ताठ उभा राहिला, सगळ्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला की माझा दम तुटला नाही, ऐकलेला माणूस आहे, आणि मंडळानं त्याला ठेवून घेतलं. दोन हंगामांनी त्याला त्याच खात्यात पक्की नोकरी लागली, आणि गल्लीतले लोक म्हणाले, बघा. मामा शेवटपर्यंत म्हणायचा की तेव्हा असं काही ठरलेलं नव्हतं. मामाही गेला, आईही गेली. मी आईला कधी विचारलं नाही.

कारण त्या दुपारी तिचं बोलून झालं, तेव्हा अण्णांनी तोंड उघडलं होतं. आता कोणता प्रश्न येणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. निजामाच्या रेडिओला, दिल्लीच्या टीव्हीला, कलेक्टरला, पुढाऱ्यांना, आणि माझ्या प्रत्येक पत्रकाला त्यांनी तो विचारला होता. चाचांनी नजर दुसरीकडं वळवली. आई तांब्या पोटाशी धरून तशीच उभी होती, अण्णांकडं बघत, आणि ती कोणाची माणूस आहे हे तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की ते वाचायला छापखान्यात जन्मायची गरज नव्हती.

"भाकरी टाक," अण्णा म्हणाले. "एसटीनं आलाय, भुकेला असेल."

आई आत गेली. अण्णांनी चौकटीतल्या मजकुराला बांधलेली दोरी सोडली आणि माझ्या पत्रकाचे खिळे एकेक करून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायला सुरुवात केली. मामा थोडा वेळ बघत राहिला, मग उठून त्यांच्या शेजारी बसला आणि टाकू लागला. मधलं दार उघडंच राहिलं होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.